स्वस्तात मिळालेली मर्सिडीज
(रेडिओवरील भाषण)



1995 साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज-बेंझच्या ई-क्लासची जुळणी सुरू झाली. त्यासाठीची कंपनी आदल्याच वर्षी स्थापन झाली होती. ज्या मॉडेलची जुळणी आपल्याकडे सुरू झाली ते, म्हणजे डब्ल्यू-124, जर्मनीत 1984 च्या अखेरीस आलेलं. आपल्याकडे ते येईतो तिथे त्याची जागा पुढच्या मॉडेलने घेतलीही होती. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, आपल्या पानात शिळं वाढलं. ते शिळंच सर्वांत टिकलं, हे आज तीस वर्षांनी दिसतंय. त्यातल्या ई-220 अजूनही पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर धावताना दिसतात, आणि एखाद्या साध्या नव्या मोटारीपेक्षा कमी पैशांत हातात पडतात.

घोळ नेमका इथेच होतो. गाडीची किंमत उतरली, पण तिच्या भागांची उतरलेली नाही. बंपरपासून बॉल जॉइंटपर्यंत जे काही बसवायचं, ते मर्सिडीजच्याच भावाने. म्हणून अशी गाडी घेणाऱ्याला मी पहिल्यांदा एवढंच विचारतो की, गाडी घेतल्यावर तुमच्याकडे काय उरणार आहे? गाडीला जेवढे मोजले, साधारण तेवढेच पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येत असतील तर घ्या. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे. पण तो खोटा ठरलेला फारसा पाहिला नाही.

आता पैसे आहेत असं धरू. ते कुठल्या क्रमाने खर्च करायचे, यावर गाडी जगते की गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खाते हे ठरतं. बहुतेक नवे मालक सुरुवात करतात डेंटिंग-पेंटिंगपासून. मग सीटची कव्हरं, चकचकीत अलॉय व्हील, मोठा स्क्रीन. सहा महिन्यांनी गाडी एक्सप्रेस-वेवर घाटात तापते, टोचन लावून खाली आणावी लागते, आणि तोवर पैसे संपलेले असतात. माझा क्रम उलटा आहे. जे बिघडलं तर इंजिन मरेल किंवा माणूस मरेल, ते आधी. म्हणजे कूलिंग, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांखालचं रबर, मग वायरिंग. रंग सगळ्यांत शेवटी.

कूलिंगबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण या गाड्यांचे सर्वांत जास्त बळी तिथेच गेले आहेत. आपल्याकडे जुनी सवय आहे: पाणी कमी झालं की नळाचं पाणी ओतायचं. मर्सिडीजच्या इंजिनात हेड ॲल्युमिनियमचं असतं. साध्या पाण्याने आत क्षार साचतात, धातू खाल्ला जातो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आणि ते दर तीन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरायचं. कूलंट गोठू नये म्हणून असतं, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, असं म्हणणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांना सांगा, ते गंज रोखण्यासाठी आणि पाणी उशिरा उकळावं म्हणूनही असतं.

दुसरी खोड थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅटच नको! हा थर्मोस्टॅट साधारण 87 अंशांना उघडतो. तो काढला की इंजिन सकाळी तापायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते; आणि गाडी ज्या कारणाने तापत होती ते कारण तसंच राहतं. या गाडीत तापमानाचा काटा 80 ते 100 च्या दरम्यान राहणं स्वाभाविक आहे. दादरच्या रहदारीत तो थोडा वर सरकला म्हणून घाबरू नका. शंभराच्या पुढे चढतच राहिला आणि समोरचे विजेचे पंखे फिरले नाहीत, तर मात्र गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पंखे चालतात का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. थंड गाडीत एसी लावून थोडा वेळ थांबा. एसीचा दाब वाढला की तेच पंखे सुरू व्हायला हवेत.

रेडिएटरची वरची नळी जिथे लागते ते तोंड प्लॅस्टिकचं असतं. वीस-पंचवीस वर्षं उष्णता खाऊन ते बिस्किटासारखं होतं. वरून काही दिसत नाही. एक दिवस हायवेवर ते तुटतं, सगळं पाणी अर्ध्या मिनिटात बाहेर, आणि काट्याकडे लक्ष नसेल तर हेड गॅस्केट उडते. म्हणून रेडिएटर किती जुना आहे हे माहीत नसेल, तर तो फुटायची वाट न पाहता बदला. सोबत होजपाइप, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि बेल्ट हे एकाच वेळी. मजुरी एकदाच लागते.

रबराकडे येऊ. लोखंड या गाडीत दणकट आहे. वय दिसतं ते रबरावर. सिग्नलला थांबल्यावर, गिअर डी मध्ये असताना, सीट आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर लगेच इंजिन उघडू नका. बहुतेक वेळा इंजिनाची माउंटिंग बसलेली असतात. त्यांच्यात तेल भरलेलं असतं. ते गळालं की माउंटिंग चपटं होतं. वेग घेताना खालून ठोका आला, तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला जे जाड रबराचे गोल कपलिंग असतात, त्यांना तडे गेलेत का बघा. आणि पुढच्या चाकांचे खालचे बॉल जॉइंट. तिथे कंजुषी नको. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं, आणि ते पडताना वेग किती असेल हे आपल्या हातात नसतं. लिफ्टवर गाडी घेऊन, चाक हाताने हलवून, पहारीने उचकून हे बघायला मिस्त्रीला अर्धा तास पुरतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. ते हवेतला ओलावा शोषतं. आपल्या कोकणपट्टीत तर जरा जास्तच. टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नाही. टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1812 दिसलं, तर तो टायर 2012 च्या अठराव्या आठवड्यातला. असल्या टायरवर मुंबई-गोवा करू नका.

वायरिंगचा एक खास रोग पेट्रोल गाड्यांना आहे आणि तो ज्याला माहीत नाही, त्याचे लाखभर रुपये सहज उडतात. साधारण 1992 ते 1996 च्या सुमाराच्या मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगला जे वेष्टन होतं, ते इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकतं आणि पापुद्रे सुटून गळून पडतं. आत तांबं उघडं. मग गाडी मिसिंग मारते, कधी सुरू होते, कधी नाही, आयडल वर-खाली होतं. गॅरेजवाला आधी प्लग बदलतो, मग कॉइल, मग सेन्सर, मग कॉम्प्युटरच खराब म्हणतो. पाच भाग बदलून झाले तरी दोष तिथेच. म्हणून इंजिनावरच्या वायरचं वरचं नळीसारखं आवरण एका ठिकाणी हलकेच सारून आत डोकावा. वायर वाकवताच वेष्टन तडकत असेल तर उत्तर मिळालं. संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरचा अख्खा संच, बदलणं महाग पडतं, पण त्याला पर्याय नाही. टेप गुंडाळून भागवलेली गाडी पावसाळ्यात तुम्हाला कुठेतरी सोडणारच. ई-220 मध्ये थ्रॉटलच्या यंत्रणेतल्या वायरनाही हाच आजार होतो, तेही सांगून ठेवतो.

या एका उदाहरणातच जुन्या मोटारीची सगळी दुरुस्ती आली. आधी कारण, मग भाग. पुढच्या काळातल्या, 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एस-क्लासचं बघा. तिला स्प्रिंगऐवजी हवेचं सस्पेन्शन. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली असते. कंप्रेसर जळाला, असं निदान होतं, नवा बसतो, आणि काही महिन्यांत तोही जळतो. कारण मूळ गळती हवेच्या रबरी फुग्यात होती. ती भरून काढायला कंप्रेसर दिवसभर धावत होता. ज्याने आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, त्याचे पैसे वाचले.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल दोन वाक्यं. डब्ल्यू-124 मध्ये तेल आणि फिल्टर साधारण 60 हजार किलोमीटरला बदलावा. त्यानंतरच्या मॉडेलमध्ये हे तेल जन्मभराचं, बदलायची गरज नाही, असं सांगितलं गेलं. कंपनीने पुढे तो सल्ला स्वतःच बदलला. तेव्हा विकणारा 'सीलपॅक आहे, हात लावलेला नाही' असं अभिमानाने सांगू लागला, तर खूश होऊ नका.

एसी थंड होत नसेल तर आधी गॅस कुठून जातो ते शोधायला लावा. इव्हॅपोरेटर गळत असेल तर या गाडीत अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो, आणि तो परत न करकरता बसवणारे हात थोडेच आहेत. खरेदीच्या वेळी एसी 'फक्त गॅस भरायचा आहे' असं कानावर आलं, तर किंमत तिथेच खाली आणा.

भाग कुठून आणायचे? इथे थोडा अभ्यास केला तर खर्च बराच उतरतो. मर्सिडीजच्या प्रत्येक भागाला ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. पुढचे तीन अंक 124 असले तर तो भाग त्या बॉडीचा. इंजिनाच्या भागांवर त्या इंजिनाचे अंक असतात. हा क्रमांक न घेता दुकानात जाऊ नका. मर्सिडीज स्वतः सगळे भाग बनवत नाही. सस्पेन्शनचे भाग लेमफर्डर, शॉकॲब्सॉर्बर साक्स, रेडिएटर बेहर, विजेचं बरंच काही बॉश. त्याच कारखान्यातला तोच भाग, फक्त वरची चांदणी खोडलेली, या कंपन्यांच्या खोक्यात बराच स्वस्त मिळतो. तो घ्या. बिननावाचा लोकल माल मात्र रबर, ब्रेक आणि कूलिंगला लावू नका. काचा, दिवे, दरवाज्याचे हँडल, आतली लाकडी पट्टी, असल्या गोष्टींसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत एक फेरी मारायला हरकत नाही. जुना बॉल जॉइंट किंवा जुना पाण्याचा पंप भंगारातून आणणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं.

कागदपत्रांचंही बघा. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि सोबत पर्यावरण कर. दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल अडचणीत आहे. घेण्याआधी ना-हरकत पत्र हातात आलं का ते तपासा. विम्याचंही गणित समजून घ्या. जुन्या गाडीची विमा-किंमत फार कमी असते, आणि दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. पुढचा बंपर, दिवा आणि रेडिएटर एवढ्यातही ती रेषा ओलांडली जाते.

आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी बनली तेव्हा कोणी एवढ्याचा विचार केला नव्हता. म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या बदलून घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊन अर्धा तास झाला पाहिजे एवढी तरी चालवा. इमारतीखाली नुसतं इंजिन चालू ठेवून पाच मिनिटांनी बंद करणं फायद्याचं नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं एवढंच.

पाऊस तोंडावर आहे. तुमच्याकडे ही गाडी असेल तर येत्या रविवारी बॉनेट उघडा. त्या प्रसिद्ध एकुलत्या एक वायपरच्या बुडाशी, काचेखालच्या जाळीत, झाडाची पानं साचलेली असतात. ती तिथेच कुजली की पाणी निघायची वाट बंद होते आणि ते ब्लोअरमध्ये, तिथून तुमच्या पायाखालच्या गालिच्यात उतरतं. पानं हाताने काढा, बाटलीभर पाणी ओता आणि ते खाली जमिनीवर पडतंय का ते वाकून बघा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांचंही तसंच करा. या कामाला मिस्त्री लागत नाही.