कच्चं काम



"तुझ्या कॉम्प्युटरच्या नादाबद्दल चार शब्द बोल," असं आयोजकांचं फर्मान निघालं. नाद हाच शब्द बरोबर आहे. नोकरी मी बँकेत केली. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण म्हणाल, तर या शाळेत झालं तेवढंच.

१९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' ही योजना सुरू केली आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले. त्यात आपली शाळा होती. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं, आठवतंय ना? मेमरी अवघी ३२ केबी. आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा फुलांचा फोटोही तिच्यात मावायचा नाही. एका मशीनवर चौघं आणि आठवड्याला एक तास. म्हणून गणिताच्या सरांचा नियम होता: प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, प्रत्येक ओळीनंतर चलाची किंमत काय झाली ते समासात मांडायचं, मगच कीबोर्डला हात लावायचा. सर म्हणायचे, "उत्तर चुकलं तरी चालेल, कच्चं काम दाखव."

पुढे २०१२ मध्ये रास्पबेरी पाय नावाचा, एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर बाजारात आला. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा. हे एआरएम मुळात एकॉर्न कंपनीत जन्मलं, आणि आपला बीबीसी मायक्रो एकॉर्नचाच. म्हणजे हा आपल्या शाळेतल्या मशीनचा नातूच की! मी लगेच मागवला. पहिला प्रयोग तुळशीवर. कुंडीतला ओलावा मोजून मोबाइलवर निरोप यायचा. ओल्या मातीत सेन्सर महिन्याभरात गंजला. तुळस जगली ती आईच्या तांब्यावर.

पन्नाशीत मला मधुमेह निघाला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.४ होती. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. मी हौसेने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला: उपाशीपोटी साखर, जेवणाची वेळ, चाललो की नाही. घरी आणि दवाखान्यात मात्र सांगत होतो, "रोज चालतो."

तीन महिन्यांनी आलेख काढला. ९० दिवसांत चाललो होतो ३८ दिवस. आकडे मीच भरलेले, भांडणार कोणाशी? मग मी जे केलं ते आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतोय. मी प्रोग्राम बदलला. ज्या दिवशी नोंद नाही, तो दिवस मोजायचाच नाही. नोंदी होत्या ४४. झाले ८६ टक्के! त्या रात्री शांत झोप लागली. आठवड्याने तपासणी केली, तर एचबीएवनसी ८.५.

तो कागद हातात धरला आणि सरांचा आवाज कानात घुमला. मी उत्तर गोड करण्यासाठी कच्चं कामच खोडलं होतं. घरी आलो, बदललेल्या ओळी काढून टाकल्या आणि खरा आलेख छापून फ्रिजवर चिकटवला. बायकोने तो पाहिला. एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी चप्पल घालून दारात उभी राहिली, "चला." वर्षभराने आकडा ६.९ वर आला. गोळ्या चालूच आहेत, पथ्यही आहे, त्यामुळे सगळं श्रेय मी प्रोग्रामला देत नाही. निम्मं त्या चपलेचं आहे.

दुसरा प्रयोग स्मरणशक्तीचा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्द पाठ करून, आपण किती दिवसांत किती विसरतो हे स्वतःवरच मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याच्या बेतात असताना उजळणी केली की लक्षात राहतं, या तत्त्वावर लाइटनर यांची डबा-पद्धत चालते. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात जातं आणि उजळणी लांबते. चुकलं की पुन्हा पहिल्या डब्यात. मी दहावीच्या ग्रुप फोटोतले चेहरे कापून तसा प्रोग्राम केला आणि या मेळाव्यासाठी महिनाभर नावं घोकली. तीनदा पहिल्या डब्यात परत आला तो नेमका माझ्या बाकावरचा मित्र. तो समोर बसून हसतोय. माफ कर रे बाबा!

मित्रहो, कॉम्प्युटर माणसाला सुधारत नाही. तो वहीसारखा आहे, आपण लिहू तेवढंच धरून ठेवतो. खोटं लिहिलं तर खोटंच नीटनेटकं करून दाखवतो. सुधारणा झाली ती ते पान दुसऱ्याला दाखवल्यावर. आपल्या वयात प्रत्येकाचा एखादा आकडा लपवलेला असतो, साखरेचा, कर्जाचा नाहीतर ग्लासांचा. निदान एका माणसाला तो दाखवा.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. चाळीस वर्षं उशीर झाला, पण हे माझं कच्चं काम. तपासून घ्या.