कोटीपोटातली पिशवी
(रत्नागिरी जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीचा कोरडवाहू मुलूख असो की हे रत्नागिरी, बाजार उठला की मोकळी जनावरे कचऱ्याकडे वळतात. खरकटे बांधून टाकलेली पिशवी गाय गाठीसकट गिळते. कोटीपोटात प्लॅस्टिक पचत नाही. त्यात दोऱ्या, चिंध्या गुंततात आणि घट्ट गोळा बनतो.

लक्षणे ध्यानात ठेवा. चारा तुटतो, रवंथ मंदावते, शेण कमी पडते, पोट पुन्हापुन्हा फुगते. दुसऱ्या आजारांतही असेच दिसते, म्हणून निदान पशुवैद्यकानेच करावे. पण गोळाच असेल तर तेल पाजून, जुलाब देऊन तो विरघळत नाही. डाव्या भकाळीत भूल देऊन, बहुधा जनावर उभे ठेवूनच, कोटीपोट उघडून तो काढावा लागतो. खर्चाला भिऊन थांबलात तर जनावर खंगते आणि मग शस्त्रक्रियाही सोसत नाही. ऐन पेरणीत बैल गेला तर पाभर कोण ओढणार?

जनावर नको ते खाते ते भुकेपायी, तसेच क्षार कमी पडल्यानेही. नुसत्या कडब्यात स्फुरद कमी असते. मोठ्या जनावराला रोज सुमारे ५० ग्रॅम क्षारमिश्रण द्या.

राज्यात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी पिशवी उकिरड्यावर आहेच. तेव्हा घरी जाऊन पहिले काम: खरकटे पिशवीत बांधून फेकायचे नाही आणि गोणीची दोरी बांधावर टाकायची नाही.