गच्चीवरचे ऊन आणि वस्तीतले हात



शहरांच्या गच्च्यांवर आज एक नवे पीक उभे राहत आहे. ते उन्हाचे पीक होय. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ हाती घेतली. ७५,०२१ कोटी रुपये खर्चाच्या या योजनेत १ कोटी कुटुंबांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचासाठी ७८,००० रुपयांचे साहाय्यही निश्चित झाले. संच कारखान्यात तयार होतो, परंतु तो गच्चीवर बसवावा लागतो माणसाच्या हातांनीच. हे हात कोणाचे असावेत, हा खरा प्रश्न आहे.

हमाल की कारागीर?

शहरातील झोपडवस्तीत राहणारा तरुण या कामात आजही दिसतो. तथापि, तो दिसतो जिन्यावरून पॅनेल वाहून नेताना. ओझे पोहोचले की त्याचे काम संपते आणि मजुरीही तेथेच थांबते. त्यापुढचे काम जाणकाराचे असते. एक किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. आपल्या राज्यात पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे लागते. शेजारच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी साऱ्या मालिकेची वीज घटू शकते. हे सारे तीन महिन्यांत शिकता येते. वाहणारा आणि जोडणारा यांच्यात जे अंतर आहे, ते बुद्धीचे नसून संधीचे आहे.

शिक्षणाची गरज केवळ कमाईपुरतीच नाही. घरातील वीज बटन दाबले की बंद होते, परंतु ऊन असेपर्यंत पॅनेलमधील वीज थांबत नाही. एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांतून शेकडो व्होल्टचा दाब निर्माण होतो. अर्थिंग, हातमोजे आणि कमरेचा सुरक्षापट्टा यांचे ज्ञान नसलेला मुलगा उतरत्या छपरावर चढतो, तेव्हा तो रोजगाराबरोबर जिवाचाही सौदा करीत असतो.

शिक्षणाची वाट आणि तिचा उंबरठा

या दिशेने प्रयत्न झाले आहेत. २०१५ मध्ये हरित रोजगार कौशल्य परिषद स्थापन झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘सूर्यमित्र’ कार्यक्रमात ६०० तासांचे विनामूल्य निवासी प्रशिक्षण होते आणि ५०,००० तरुणांना तयार करण्याचा संकल्प होता. बेरोजगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडे त्यात विशेष लक्ष देण्यात आले. परंतु प्रवेशासाठी दहावी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक होते. आठवीतच शाळा सुटलेल्या मुलाला हा उंबरठा उंच पडतो. शिवाय, ज्याच्या रोजच्या मजुरीवर घरची चूल पेटते, त्याला तीन महिने घराबाहेर राहणे परवडत नाही. विनामूल्य शिक्षणसुद्धा त्याच्यासाठी महागच ठरते.

म्हणूनच वर्गांनी वस्तीकडे जावयास हवे. सायंकाळचे वर्ग, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि हाताखाली काम केलेल्या अनुभवाची परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर वाट सुकर होईल. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद होतीच. तिचा लाभ गच्चीवरील मदतनिसापर्यंत पोहोचला पाहिजे.

पुण्याचा धडा

संघटनेने काय साधते, हे पुण्याने दाखविले आहे. कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभारली. पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम या श्रमिकांनाच मिळाले. काम पूर्वीही पर्यावरणाच्या हिताचेच होते. त्याला मान आणि दाम मिळाला तो संघटनेमुळे. सौर संचांची धूळ पुसणे, तपासणी आणि दुरुस्ती ही कामे तर वर्षानुवर्षे चालणारी आहेत. प्रशिक्षित तरुणांच्या सहकारी संस्था ती सहज पेलू शकतील.

सूर्य महालावर आणि झोपडीवर सारखाच तळपतो. त्याच्यापासून मिळणाऱ्या रोजगाराची वाटणीही तितकीच न्याय्य व्हावी, यासाठी शासन, उद्योग आणि गृहनिर्माण संस्था यांनी एकत्र यावयास हवे. गच्चीवर संच बसवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने कामावर आलेल्या तरुणाला प्रशिक्षण मिळाले आहे काय, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल.