पाहुणे येईनात तेव्हा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला होता. त्यावर मी तासभर बोलू शकतो आणि तुम्ही दहा मिनिटांत झोपू शकता. म्हणून मी फक्त दीड वर्षाबद्दल बोलतो.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही नकाशावर बार्बाडोस दाखवायला छडी टेकवायचात आणि छडीच्या टोकाखाली अख्खं बेट झाकलं जायचं. तुम्ही म्हणायचात, “ऊस.” मागच्या बाकावरून आम्ही म्हणायचो, “सोबर्स! मार्शल!” आणि छडी नकाशावरून आमच्याकडे यायची. आता तिथे ऊस थोडाच उरलाय. बेट जगतं ते पाहुण्यांवर. क्षेत्रफळ जेमतेम ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही लहान. वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. आणि २०१९ साली तिथे येऊन राहिलेले पाहुणे होते सुमारे सात लाख, त्यांतले सगळ्यात जास्त इंग्लंडचे. क्रूझमधून उतरून दिवसभर फिरून परत जाणारे वेगळेच.

मी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात हिशेब बघतो. सकाळचं माझं पहिलं काम म्हणजे काल रात्री किती खोल्या भरल्या तो आकडा लिहिणं. १७ मार्च २०२० ला बेटावर पहिले रुग्ण सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा सीझन अजून चालू होता. पुढच्या काही दिवसांत पाहुणे मिळेल त्या विमानानं निघून गेले, मग विमानंच येईनाशी झाली. एके सकाळी मी रकान्यात शून्य लिहिलं. एप्रिल, मे, जून, रोज शून्य. वर्षाच्या शेवटी बेटावरच्या पाहुण्यांचा आकडा सुमारे सत्तर टक्क्यांनी घसरला होता, आणि उरलेल्यांतले बरेचसे जानेवारी-फेब्रुवारीतच येऊन गेलेले होते.

कर्फ्यू लागला. किराणा आणायला आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे दिवस ठरवून दिले होते. आपल्या शाळेत हजेरी घ्यायचे तसंच. समुद्रात रिकाम्या क्रूझ नांगर टाकून उभ्या होत्या. रात्री त्यांचे दिवे लागायचे. त्यांवर आपली गोव्याची, कोकणातली मुलं असणार, उतरता न येणारी, हे मनात यायचं आणि झोप उडायची.

हॉटेल रिकामं असलं तरी नुसतं कुलूप लावून चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. नळात पाणी साचून राहिलं तर त्यात रोगजंतू वाढतात. म्हणून मी आणि वॉचमन दर आठवड्याला ऐंशी खोल्यांमधले नळ आणि शॉवर सोडत फिरायचो. पाहुणा एक नाही आणि पाण्याचं बिल मात्र चालूच!

पण मला सांगायचंय ते यादीबद्दल. मालकांनी सांगितलं, नऊ माणसं ठेवा, बाकीच्यांना घरी बसवा. एकशे बारा नावं मी टाइप केली. नऊ जणांत मी होतो. यादीत हाउसकीपिंगच्या एक बाई होत्या, बावीस वर्षं नोकरी झालेल्या. तिथल्या कायद्यात तेरा आठवडे घरी बसवलं की कामगार नुकसानभरपाई मागू शकत असे. त्या चौदाव्या आठवड्यात आल्या. मालक म्हणाले, सध्या पैसे नाहीत, थांबायला सांग. मी सांगितलं. ऑगस्टमध्ये सरकारनं ती मुदत बावीस आठवडे केली, मग पुन्हा थांबा. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “माझं नाव तूच टाइप केलंस ना?” मी हो म्हणालो.

सरकारनं आपल्या परीनं धडपड केली. पंतप्रधान मिया मॉटली यांनी जुलै २०२० मध्ये नवा व्हिसा काढला, वर्षभर इथे राहा आणि आपलं ऑफिसचं काम समुद्रकाठी बसून करा. कल्पना हुशारीची होती. पण लॅपटॉप घेऊन आलेली माणसं घरं भाड्यानं घेतात, हॉटेलच्या चादरी बदलायला माणसं लागत नाहीत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतानं बेटाला लशीचे एक लाख डोस भेट दिले. माझी पाळी आली तेव्हा मी नर्सला बाटली दाखवायला सांगितली. तिच्यावर लिहिलं होतं, हडपसर, पुणे. हडपसरला राहणारा आपला मित्र इथे दुसऱ्या रांगेत बसलाय, त्याला मी त्याच रात्री कळवलं. त्याचं उत्तर, “डोस पाठवलाय, आता तिकीट पाठव.” आम्ही दोघं खूप हसलो. दोन महिन्यांनी पुण्यातच लशीसाठी रांगा लागत होत्या आणि आपल्या बॅचमधले दोघं गेले. ज्यांच्यासाठी आत्ता आपण उभे राहिलो, ते दोघं. त्यांतल्या एकाचा माझ्या दंडावरच्या डोसपाशी काही संबंध नव्हता, हे मला हिशेबानं कळतं. पण तो आठवडा मी कुणालाही फोन केला नाही.

पाहुणे परतले. २०२४ मध्ये आकडा पुन्हा सात लाखांच्या घरात गेला, आणि त्या जूनमध्ये केन्सिंग्टन ओव्हलवर भारतानं विश्वचषक जिंकला ते तुम्हाला सांगायला नको. तिकिटाची फर्माईश करणाऱ्यांची यादी अजून माझ्याकडे आहे.

त्या बाईंना पैसे मिळाले, दीड वर्षानं, हप्त्याहप्त्यानं. बोलावूनही त्या हॉटेलात परतल्या नाहीत. दर शुक्रवारी ऑइस्टिन्सच्या मासळीबाजारात संध्याकाळी तळलेले मासे विकतात. मी जातो. इतर ओळखीच्यांना त्या एखादा तुकडा जास्तीचा वाढतात. माझ्याकडून चोख पैसे घेतात आणि सुटे मोजून हातावर ठेवतात.