उसन्या भांडवलावाचून उभी राहिलेली एक पेढी
(व्याख्यानाचा मजकूर)



ज्या कुळांतील मुलगा पूर्वी शिकला म्हणजे शिक्षक, वकील किंवा कचेरीतला कारकून होई, त्याच कुळांतील मुलेमुली आज पुण्यास, बेंगळूरु येथे आणि परदेशी संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याच्या व्यवसायात आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या मनात स्वतःची कंपनी काढण्याचा विचार घोळत असतो. तो घरात बोलून दाखविला की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न येतो : भांडवल कोण देणार? हल्ली वृत्तपत्रे वाचून असा ग्रह होतो की, कोणा धनिक गुंतवणूकदाराने कोट्यवधी रुपये ओतल्यावाचून सॉफ्टवेअरची कंपनी उभी राहतच नाही. हा ग्रह सर्वस्वी खरा नाही. प्राग शहरी सन 2000 मध्ये स्थापन झालेल्या जेटब्रेन्स या कंपनीचा वृत्तांत त्यासाठीच येथे सांगावयाचा आहे.

सर्गेई दिमित्रिएव, येवगेनी बेल्यायेव आणि वॅलेंतीन किप्यात्कोव हे तिचे संस्थापक. तिघेही रशियन आणि तिघेही व्यवसायाने प्रोग्रामर. त्यांनी निवडलेले गिऱ्हाईकही प्रोग्रामरच. सुतारानेच सुतारासाठी रंधा घडवावा, तसा हा प्रकार होता. गिऱ्हाइकाला कोठे काय सलते, हे विचारण्यासाठी त्यांना घराबाहेर जाण्याची गरज पडली नाही.

ते सलणे काय होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रोग्राम हे मुळात लिखाण होय. मोठ्या प्रोग्रामात लक्षावधी ओळी असतात आणि त्यांतील प्रत्येक वस्तूला व प्रत्येक क्रियेला लिहिणाऱ्याने काही नाव दिलेले असते. काही महिन्यांनी ध्यानात येते की, एक नाव चुकीचे पडले असून ते बदलणे अवश्य आहे. ज्यांनी देवस्थानच्या किंवा कचेरीच्या जुन्या वह्या हाताळल्या आहेत, त्यांना यातील अडचण चटकन उमगेल. समजा, शंभर वह्यांत ‘रामनाथ’ हा शब्द आला आहे. कोठे ते देवाचे नाव, कोठे गृहस्थाचे, तर कोठे दुकानाचे. बदलावयाचे आहे ते केवळ दुकानाचे. नुसता शब्द शोधून खोडत गेल्यास देवाचेही नाव खोडले जाईल. प्रत्येक ठिकाणी थांबून, मागचापुढचा संदर्भ वाचून निर्णय करावा लागतो. प्रोग्रामात अशी एक जागा चुकली तर तो चालतच नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे चालतो, पण भलतेच उत्तर देतो. या भीतीने प्रोग्रामर वाईट नावे आणि वाईट मांडणी तशीच ठेवीत, आणि पुढे ती वाचणाऱ्याचे तासन्‌तास वाया जात.

जेटब्रेन्सने तयार केलेली पहिली वस्तू एवढेच काम करी. तिचे नाव रीनेमर, म्हणजे नाव बदलणारा. जावा नावाच्या भाषेत लिहिलेला मजकूर तो संदर्भासह समजून घेई आणि योग्य तेथेच बदल करी. जानेवारी 2001 मध्ये कंपनीने इंटेलिजे आयडिया हे पूर्ण साधन बाजारात आणले. लिहिणे, शोधणे, चुका दाखविणे आणि लिखाणाची फेरमांडणी करणे, ही सर्व कामे त्यात एकाच जागी होत. अशा फेरमांडणीचे शास्त्र मार्टिन फाउलर यांनी 1999 मध्ये ग्रंथरूपाने मांडले होते. ते हाताने न करता यंत्राकडून बिनचूक करवून घेण्याची सोय ज्या थोड्या साधनांनी प्रथम दिली, त्यांत हे एक.

आणि त्याच वर्षी संकट उभे राहिले. नोव्हेंबर 2001 मध्ये बलाढ्य आयबीएम कंपनीने एक्लिप्स नावाचे याच कामाचे साधन, चार कोटी डॉलर मोलाचे म्हणून सांगून, जगाला फुकट देऊन टाकले. समोरच्या दुकानात तोच माल फुकट मिळू लागला म्हणजे लहान दुकानदाराने काय करावे? तीन संस्थापकांनी बाहेरचे भांडवल घेतले नाही. आपल्या मालाचे दाम त्यांनी कायम ठेवले आणि माल अधिक चांगला करण्यावर भर दिला. नव्या आवृत्तीचा अपुरा मसुदाच ते गिऱ्हाइकांच्या हाती देत, त्यांच्याकडून दोष काढवून घेत आणि ते दुरुस्त करीत. रोज एक तास वाचत असेल तर त्याचे मोल देणारा मनुष्य मिळतो, ही त्यांची अटकळ होती आणि ती खरी ठरली. विक्रीतून जे उरले त्यातूनच पुढची साधने निघाली. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साधनाला जोडावयाचे रीशार्पर आले, 2010 मध्ये पायथन भाषेसाठी पायचार्म आले. इतर भाषांचीही क्रमाने आली. ती यादी येथे वाचून दाखविण्याचे प्रयोजन नाही.

ऑक्टोबर 2009 मध्ये मात्र कंपनीने स्वतःच आपल्या मुख्य साधनाची एक आवृत्ती मूळ लिखाणासह मुक्त केली; अधिक सोयींची आवृत्ती तेवढी विकत ठेवली. आठ वर्षे फुकट मालाशी झुंजलेल्या पेढीने हे करावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले असेल. परंतु त्याचे फळ चार वर्षांनी दिसले. 2013 मध्ये गूगलने अँड्रॉइड फोनचे प्रोग्राम लिहिण्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन जाहीर केले, ते याच मुक्त आवृत्तीच्या पायावर बांधलेले होते. दरम्यान 2011 मध्ये कंपनीने कोटलिन ही स्वतःची नवी भाषा जगापुढे मांडली होती. जावा हे जसे बेटाचे नाव, तसेच कोटलिनही. हे बेट सेंट पीटर्सबर्गजवळ फिनलंडच्या आखातात आहे. 2017 मध्ये गूगलने या भाषेला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली. सभेतील ज्या श्रोत्यांच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाइल असेल, त्यांच्या फोनमध्ये या बेटाच्या नावाने लिहिलेले काही ना काही खासच असणार.

सगळेच निर्णय मात्र असे दूरदृष्टीचे नव्हते. तोवर साधन एकदा विकत घेतले की ती आवृत्ती गिऱ्हाइकाची कायमची होई. सप्टेंबर 2015 मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे वर्गणी भरावी लागेल, आणि वर्गणी थांबली की साधनही बंद पडेल. यावर गिऱ्हाइकांत मोठा क्षोभ उसळला. त्यांचे म्हणणे रास्तच होते. सुताराने एका महिन्याचे भाडे चुकविले म्हणून त्याच्या हातातला रंधा काढून घेण्यासारखेच हे होते. नोकरी सुटलेल्या किंवा आजारी पडलेल्या प्रोग्रामरने काय करावे? कंपनीने हट्ट धरला नाही. सुमारे दोन आठवड्यांत सुधारित अटी निघाल्या : जो सलग बारा महिने वर्गणी भरील, त्याच्यापाशी त्या आवृत्तीचा परवाना कायमचा राहील. वर्गणी राहिली, पण तिचा फास सैल झाला. ज्या कंपनीला तिमाहीचे आकडे गुंतवणूकदारांपुढे ठेवावयाचे असतात, तिला इतक्या लवकर पाऊल मागे घेता येते काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

याहून कठीण प्रसंग फेब्रुवारी 2022 मध्ये आला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. कंपनी नोंदणीने प्रागची खरी, तथापि तिच्या संशोधनाचे मोठे अंग सेंट पीटर्सबर्ग येथे होते. मॉस्को व नोवोसिबिर्स्क येथेही कचेऱ्या होत्या. संस्थापकांची ती मायभूमी. कंपनीने आक्रमणाचा उघड निषेध केला आणि मार्च 2022 मध्ये रशियातील विक्री व संशोधन दोन्ही थांबविले. बेलारुसमधील विक्रीही बंद केली. कर्मचाऱ्यांना कुटुंबांसह जर्मनी, नेदरलँड्स, सायप्रस, सर्बिया, आर्मेनिया अशा देशांत हलविण्यात आले. घर बदलणे, मुलांच्या शाळा बदलणे, वृद्ध आईबापांना मागे ठेवणे, हे परदेशी राहिलेल्या कुटुंबांना निराळे सांगणे नलगे. फेब्रुवारी 2023 मध्ये रशियातील संस्था कायदेशीरपणे विसर्जित झाली. जिच्या नावाने भाषा निघाली त्या बेटाजवळच्या नगरीत आता कंपनीची कचेरी नाही.

कर्जमुक्त पेढीला सर्वच साधते, असे मात्र कोणी समजू नये. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड हे हलके साधन फुकट दिले आणि तरुण प्रोग्रामर मोठ्या संख्येने तिकडे वळले. त्यास उत्तर म्हणून जेटब्रेन्सने 2021 मध्ये फ्लीट नावाचे साधन जाहीर केले. ते 2025 अखेर गुंडाळावे लागले. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे प्रोग्रामच लिहू लागली आहेत. कंपनीने 2023 मध्ये आपला यांत्रिक साहाय्यक विक्रीस आणला आणि 2025 मध्ये दुसरा. या दुसऱ्याचे नाव ‘जूनी’, जे मराठी कानांना नव्या वस्तूसाठी अंमळ चमत्कारिक वाटेल. या क्षेत्रात तिच्यासमोर जे नवे प्रतिस्पर्धी आहेत, त्यांच्यामागे गुंतवणूकदारांचे प्रचंड द्रव्य उभे आहे, आणि त्यांपैकी कित्येकांची साधने त्याच फुकट व्हीएस कोडच्या पायावर रचलेली आहेत. 2001 सालचाच प्रश्न पुन्हा दारात आला आहे, मात्र या वेळी दुकानासमोर एक नव्हे, अनेक दुकाने आहेत. कंपनी विद्यार्थ्यांना आपली साधने शिक्षणासाठी विनामूल्य देते. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही ती वापरतात. शिक्षण संपल्यावर त्यांपैकी किती जण पदरचे पैसे मोजून ती घेतील, यावर तिचे पुढील दिवस अवलंबून आहेत.