अंगणातील वाफा आणि घरातील रुग्ण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नाही, बी. कॉम. होऊन दुकानाच्या गादीवर बसलेला कापड व्यापारी आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. मधुमेह, रक्तदाब यांचा उल्लेख आपण चारचौघांत सहज करतो. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्य मात्र आतल्या खोलीत ठेवतो. स्थळ पाहण्यास पाहुणे येणार असले की त्या खोलीचे दारही लोटले जाते.

मूळचे धुळ्याचे, कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हे दार उघडले. पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच साहाय्याने निघाला. त्यातील आजारी भावाचे मन देवराईत गुंतलेले आहे आणि त्याला सांभाळणारी त्याची बहीण आहे. झाड, रुग्ण आणि नातेवाईक ही तिन्ही त्या कथेत एकत्र येतात. आपल्याकडे देवराई नाही. पण तुळशीवृंदावनाशेजारी चार हात जागा बहुतेक घरी निघते.

बागकामाने नेमके काय होते? माती, पाणी, ऊन यांचा लाभ आहेच. पण माझ्या मते मोठा लाभ बोलण्यात आहे. लंडन येथे जॉर्ज ब्राऊन यांनी १९५० नंतरच्या काळात एक अभ्यास सुरू केला. रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णाला घरी सतत टीका, राग किंवा गुदमरवणारी काळजी मिळाली, तर आजार अधिक वेळा उलटतो, असे त्यातून पुढे आले. चंदीगड येथील अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील घरांत टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले, ही आपली जमेची बाजू. पण जेथे नातेवाइकांच्या मनात वैरभाव होता, तेथे आजार उलटण्याशी त्याचा संबंध दिसलाच.

आता आपल्या घरातील संवाद आठवा. “गोळी घेतली का? अंघोळ कधी करणार? दिवसभर पडून काय राहतोस?” आमच्या नात्यातील एका तरुणाशी त्याचे वडील कित्येक महिने एवढेच बोलत. मेथीचा एक लहान वाफा केल्यावर त्यांना बोलण्यास तिसरा विषय मिळाला. मेथीच निवडली, कारण ती चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात भाजीला येते. ज्याचे मन कशातच लागत नाही, त्याला आंब्याच्या कोयीची वाट पाहायला लावू नये. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त पाहिले. पुढे एक तांब्या पाणी घातले. तो बरा झाला, असे मी म्हणणार नाही. औषध आजही चालू आहे. पण तो ओसरीवर बसू लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मेथीची जुडी देऊ लागला.

श्रीमंत घरांत “आमच्या मुलाने खुरपे धरायचे का?” असा प्रश्न येतो. अमेरिकेतील वैद्य बेंजामिन रश यांनी १८१२ मध्येच लिहून ठेवले आहे की रुग्णालयात लाकूड तोडणारे, बागेत खणणारे रुग्ण पुष्कळदा बरे होत आणि प्रतिष्ठेमुळे ज्यांना काम लावले जात नसे, ते भिंतीआड खितपत पडत. आपल्या व्यापारी समाजाने हे दोनदा वाचावे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. खणण्यात जीवहिंसा होते, त्याचे काय? श्रावकाच्या संसारातील आरंभी हिंसा सर्वस्वी टळत नाही, ती यत्नाने कमी करावयाची, एवढे आपण जाणतो. कुंडी पुरते. माती हलक्या हाताने मोकळी करावी, कीटकनाशक तर मुळीच नको. ही बाटली घरात न ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. नैराश्याच्या रुग्णाच्या हाताशी विष असता कामा नये. या जिल्ह्यात ते वेगळे सांगावे लागू नये. रुग्ण फार अस्वस्थ असेल त्या दिवसांत विळा-खुरपेही दृष्टीआड ठेवावे.

आपल्या उन्हाळ्याचेही भान हवे. मनोविकारावरील काही औषधांमुळे उष्णता सोसण्याची शक्ती घटते. लिथियम चालू असताना शरीरातील पाणी कमी झाले, तर रक्तातील औषध धोकादायक प्रमाणात वाढू शकते. म्हणून चैत्र-वैशाखात काम सूर्योदयानंतर तासभरच करावे, जवळ पाण्याचा तांब्या असावा आणि डॉक्टरांना आधी विचारावे. औषध बंद करून बाग, हा व्यवहार कोणी करू नये.

राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. मात्र शेतकऱ्यांसाठीचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ मध्ये आपल्या जिल्ह्यातही सुरू झाला आणि २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे नातेवाइकानेही बोलावे. सांभाळणारा माणूसही थकतो.

अशा घरांतील कोणाला बोलावयाचे असेल, तर दुपारी दोन ते चार माझ्या दुकानी गिऱ्हाईक नसते. मेथी-धण्याचे बी गल्ल्याशेजारी ठेवलेले आहे. धणे पेरण्यापूर्वी रगडून दोन फाका कराव्यात, नाहीतर उगवण फार रेंगाळते.

जय जिनेंद्र.