सोऱ्यावरचं नाव

आज मला लोण्याच्या बिस्किटांबद्दल बोलायचं आहे. कवीनं बिस्किटांवर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगतो, कविता मला उशिरा जमायला लागली, बिस्किटं मात्र बाराव्या वर्षापासून जमतात.

झालं असं, माझी मुलगी नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून तिनं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून एक यंत्र आणलं. यंत्र म्हणजे काय, पिस्तुलासारखा खटका असलेलं एक नळकांडं आणि त्याच्याबरोबर डबीत वीस चकत्या. फूल, पान, झाड, बदाम, चांदणी. नळकांड्यात पीठ भरायचं, ते ट्रेवर उभं धरायचं, खटका एकदा दाबायचा, की एक बिस्कीट तयार. 'अब्बा, ही कुकी प्रेस. सोऱ्या फिरवताना तुमचा खांदा दुखतो ना, म्हणून आणली,' ती म्हणाली. मी माळ्यावरून आमचा पितळी सोऱ्या काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. पाहिलं तर जात एकच. एकाला खटका, दुसऱ्याला फिरकी, एवढाच फरक.

जर्मनीत नाताळच्या दिवसांत अशीच बिस्किटं करतात. त्यांचं नाव श्प्रिट्झगेबेक. श्प्रिट्झन म्हणजे पिचकारी मारणं, चिळकांडी उडवणं. त्यांच्या स्वयंपाकघरातलं ते नळकांडं पाहून कुठलीही मराठी बाई म्हणेल, अहो, हा तर आमचा सोऱ्या!

रीतही दोघांची एकच आहे, ती आधी सांगून टाकतो. २२५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, २८० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलची. लोणी खारं असेल तर मीठ नको. लोण्यावर बोट दाबलं तर खळगा पडावा, इतकं ते मऊ हवं. पण वितळून त्याचं तेल होता कामा नये. लोणी आणि साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसायची. मग अंडं, मग वेलची. मैदा शेवटी, आणि तोही जेमतेम मिसळेपर्यंतच. पोळीच्या कणकेसारखा मळत बसलात तर बिस्कीट चिवट होतं. बेकिंग पावडर घालायची नाही. तिनं बिस्कीट फुगतं आणि साच्यानं पाडलेल्या रेघा पुसून जातात. या रेघा नुसत्या दिसायला नसतात. त्यांच्या कडा आधी भाजल्या जातात, म्हणून तर ते बिस्कीट इतकं खुसखुशीत लागतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ट्रेला तूप लावायचं नाही. साचा वर उचलला की पीठ ट्रेला धरून राहिलं पाहिजे. तुपकट किंवा गरम ट्रेवर ते धरत नाही, साच्याबरोबर वर येतं. म्हणून एक घाणा निघाला की ट्रे पुरता गार होऊ द्यायचा. ओव्हन १८० अंशांवर, वेळ दहा ते बारा मिनिटं. कडा जराशा तांबूस झाल्या की बाहेर काढायची. तेव्हा ती मऊच असतात, गार होता होता कुरकुरीत होतात. घाई करून पुन्हा आत ढकललीत तर करपलीच म्हणून समजा.

आमच्या लहानपणी मात्र ओव्हन कुणाच्या घरी होता? आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. वडील गोदीत कामाला. लालबागला, भारतमाता सिनेमापासून हाकेच्या अंतरावर, एका चाळीत आमची खोली. शेजारच्या खोलीत काकू. त्यांचे यजमान गिरणीत साचेखात्यात होते. गिरणगावात मागाला साचा म्हणत. त्यामुळे 'काका साच्यावर गेलेत आणि काकू साच्यावर बसल्यात' हा आमच्या गॅलरीतला दिवाळीचा ठरलेला विनोद होता.

चाळीमागे एक बेकरी होती, लाकडावर चालणारी. विटांच्या त्या गुहेत रात्री लाकडं पेटवायची, मग निखारे बाहेर ओढायचे, ओल्या गोणपाटानं भट्टीचा तळ पुसायचा आणि पाव आत सारायचे. पावाला कडक आच लागते. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरायला लागते. त्या उतरत्या उष्णतेवर खारी, टोस्ट, बिस्किटं. घरगुती नानकटाईचा नंबर सगळ्यांत शेवटी, दुपारी. पावासाठी पेटवलेल्या भट्टीची जी ऊब उरायची, तिच्यावर आमच्या ईदा आणि दिवाळ्या भाजल्या जायच्या. किलोमागे थोडे पैसे कारागिराच्या हातावर ठेवले की काम झालं.

गर्दीत ट्रेंची अदलाबदल व्हायची. म्हणून बायका आपापल्या नानकटाईवर खूण करायच्या. कुणी चारोळी लावायचं, कुणी मनुका, कुणी चमच्याच्या दांड्यानं फुली. आईनं वेगळाच मार्ग काढला. तिनं काकूंचा सोऱ्या मागून आणला, त्यात चकलीची चांदणीची चकती बसवली आणि निम्मं लोणी, निम्मं डालडा घातलेलं पीठ त्यातून पाडलं. बोटाएवढ्या कांड्या. काहींना वळण देऊन कडी. भट्टीवरचा कारागीर लांब दांड्याच्या फळीवर ट्रे बाहेर ओढायचा आणि ओरडायचा, 'चांदनीवाला किसका है?' मी हात वर करायचो. तो पुकारा ऐकायला मी तासभर आधी जाऊन उभा राहत असे.

एका ईदेला बिस्किटांना तिखटाची आणि ओव्याची चव आली. दिवाळीतली चकली सोऱ्याच्या आट्यांत दडून बसली होती. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई म्हणाली, 'असू दे वहिनी, पाहुणे दोन दोनच घेतील.' तेव्हापासून नियम ठरला. सोऱ्या चिंचेनं घासायचा, कोरडा करायचा आणि पिठाचा पहिला गोळा त्यातून पाडून बाजूला काढायचा. हा नियम मी अजून पाळतो. मुलीच्या नव्या यंत्रालाही लावला.

सोऱ्या काकूंच्या लग्नातला. तांबाकाट्यावरून आणलेला. भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. दुकानाशी बसलेला माणूस छिन्नीनं टिकटिक करत ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरायचा. तसं त्यावर 'सौ.' आणि पुढं काकूंचं संपूर्ण नाव, खाली १९६४. ते नाव मी इथं घेत नाही. रेडिओवरून आपलं नाव गेलेलं त्यांना आवडलं नसतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, हे मुंबईकरांना सांगायला नको. महिन्यामागून महिने जात होते. ईद त्या वर्षी जुलैत आली, भर पावसात. आईनं सोऱ्या आणला, मी मेणकापडाखाली ट्रे झाकून भट्टीवर नेले. काकूंच्या घरी बिस्किटांचं ताट गेलं आणि सोऱ्या आमच्या फळीवर राहिला. दिवाळी नोव्हेंबरात होती. दिवाळीला आठ दिवस राहिले, मग चार राहिले, तरी काकू सोऱ्या मागायला येईनात. भिंतीपलीकडून भाजणीचा वास येईना. चाळीत असल्या गोष्टी नाकाला कळतात.

आईनं गिरणीतून भाजणी दळून आणली, तेलाचा डबा घेतला, वर सोऱ्या ठेवला आणि शेजारी गेली. म्हणाली, 'वहिनी, मला चकली शिकवा. माझी मेली विरघळते तेलात.' आईला चकली उत्तम येत होती. हे काकूंना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे आईलाही माहीत होतं. काकू एवढंच म्हणाल्या, 'मोहन जास्त होत असेल हो भाभी. बसा.' त्या दिवशी दोन्ही घरांची चकली एका कढईत झाली. कोण कुणाला काय देतंय, हा प्रश्नच निघाला नाही. मी बारा वर्षांचा होतो. सोऱ्याची फिरकी मीच फिरवत होतो.

पुढं दहा वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी फक्त आमच्या दारापुरतं सांगतो. मी बावीस वर्षांचा, नुकताच बी.ए. झालेला. जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही खोलीला कुलूप लावलं. चाळीत आम्हाला कुणी जा म्हटलं नाही. पण राहा असं म्हणायचा धीरही कुणात उरला नव्हता, कारण तशी हमी कोण देणार? काका आमच्याबरोबर करी रोड स्टेशनपर्यंत चालत आले, बोलले काहीच नाहीत.

निघताना काकू हातात सोऱ्या घेऊन बाहेर आल्या आणि आईच्या पिशवीत तो कोंबायला लागल्या. आई म्हणाली, 'आता कसली ईद, वहिनी.' काकू म्हणाल्या, 'ईद मार्चात आहे. कालनिर्णयात बघितलंय मी. आणि दिवाळीला मला सोऱ्या लागेल. तुम्ही स्वतः आणून द्यायचा. कुणाच्या हाती पाठवायचा नाही.'

आम्ही मुंब्र्याला गेलो, तशी अनेक कुटुंबं गेली. लालबागच्या खोलीत परत राहायला गेलो नाही. ईद आली, पण आईनं बिस्किटं केली नाहीत. नवा मोहल्ला, अनोळखी बेकरी, आणि मनही नव्हतं. सोऱ्या पिशवीतच पडून राहिला. पण दिवाळी जवळ आली तशी आई अस्वस्थ झाली. 'दुसऱ्याची वस्तू आहे, परत तर द्यायला हवी.' तिनं तो चिंचेनं लखलखीत घासला आणि मला घेऊन लोकलमध्ये बसली. चाळीचा जिना चढताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

काकूंनी दार उघडलं. आईकडे पाहिलं, सोऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'आणि माझी बिस्किटं कुठायत?'

आई जी रडायला लागली ती थांबेना. काकू रागावल्याच होत्या. खरोखर रागावल्या होत्या. पुढच्या ईदेला मुंब्र्याच्या बेकरीत आईनं नंबर लावला, आणि तिथल्या भट्टीवरही चांदणी ओळखीची झाली.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं तो सोऱ्या प्रवास करत राहिला. दिवाळीआधी लालबागला, ईदेआधी मुंब्र्याला. चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहायला लागला तेव्हा काकू मुलाकडे बदलापूरला गेल्या, मग सोऱ्या बदलापूरला जायला लागला. शेवटी काकू गेल्या तेव्हा तो आमच्याकडे होता. दिवस झाल्यावर आई तो परत द्यायला गेली, तर सूनबाई म्हणाल्या, 'आमच्याकडे फराळ आता विकतचाच येतो. तुमच्याकडेच असू द्या.' आई म्हणाली, 'ठेवते, पण तुमचा म्हणून.' एकदा भांड्यांना चकाकी करून देणाऱ्यानं विचारलं, 'हे जुनं नाव घासून काढू का? तुमचं घालून देतो.' आईनं सोऱ्या त्याच्या हातातून काढूनच घेतला. आज आईही नाही. नाव आहे.

९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनाकडे वळायला सांगितलं. माझी त्याविषयी तक्रार नाही. भट्टीपुढच्या माणसांचा खोकला मी जवळून ऐकलेला आहे. आता तर आमच्याही ओट्यावर ओव्हन आहे. बटण दाबलं की १८० अंश. रांग नाही, अदलाबदल नाही, खूण करायची गरज नाही. सोयीचं आहे. मात्र 'चांदनीवाला किसका है' असं विचारणारं कुणी नसतं, आणि हात वर करायला बारा वर्षांचा मुलगाही नसतो.

मुलीचं यंत्र चांगलं आहे, हेही सांगितलं पाहिजे. यंदा पाऊण तासात सगळं पीठ संपलं आणि माझा खांदा दुखला नाही. एक घाणा तेवढा मी हट्टानं सोऱ्यातून पाडला. बदलापूरला डबा जातो, त्यात ती चांदणीच जाते.

परवा मुलगी म्हणाली, 'अब्बा, ऑफिसातली मैत्रीण दिवाळीला प्रेस मागतेय. डोंबिवलीची आहे. देऊ का?'

मी म्हटलं, 'जरूर दे. पण आधी तिच्यावर तुझं नाव घालून घे.'